पाहुण्यांची सोय आणि सृष्टीची राखण

घरीं पाहुणा येणार असला म्हणजे घरांतील मंडळींची कशी धांदल उडते, हें आपणांपैकीं प्रत्येकानें पाहिलें आहे. बैठक घालावयाची, पाणी भरून ठेवावयाचें, निजण्याची व्यवस्था करावयाची. पाहुण्यास कांहीं कमी पडूं नये म्हणून घरच्यांनीं थोडी अडचण सोसावयाची, ही आपली रीतच आहे. पण समजा, पाहुणे एकामागून एक येतच राहिले, आणि त्यांच्या सोयीसाठीं आज परसांतील झाड तोडलें, उद्यां माजघराची भिंत पाडली, परवां विहीर उपसून कोरडी केली, तर पाहुण्यांनीं मुद्दाम यावें असें त्या घरांत शेवटीं काय उरणार? जगांत कांहीं स्थळें अशीं आहेत कीं, त्यांच्या रक्षणाचा भार ज्यांच्यावर आहे, त्यांना हा प्रश्न रोज सकाळीं उठून सोडवावा लागतो. अमेरिकेंतील ॲरिझोना संस्थानाच्या उत्तर भागांत असलेली ग्रँड कॅन्यन ही प्रचंड घळई त्यांपैकीं एक होय. तेथें हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षें चालत आला आहे. त्याचीं उत्तरें कशीं शोधलीं गेलीं, कोठें चुकलीं व कोठें साधलीं, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम ही घळई म्हणजे काय तें पाहूं. कोलोरॅडो नांवाची नदी ज्या उंच पठारावरून वाहते, तें पठार तिनें करवतीनें लांकूड कापावें तसें कापीत नेलें आहे. नदीच्या ओघानें मोजल्यास या घळईची लांबी २७७ मैल, म्हणजे सुमारें ४४६ किलोमीटर भरते. मुंबई-पुणें लोहमार्गाच्या दुपटीहूनही हें अंतर अधिक आहे. एका कड्यापासून समोरच्या कड्यापर्यंतची रुंदी कोठें कोठें अठरा मैल आहे, आणि खोली सुमारें एक मैल. आपल्या कळसूबाईच्या शिखराची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारें ५,४०० फूट आहे. तेवढ्या उंचीचा डोंगर घळईच्या अत्यंत खोल भागांत उभा केला, तरी त्याचा माथा कड्याच्या वर डोकावणार नाहीं! कड्यावरचा चुनखडक सुमारें सत्तावीस कोटि वर्षांचा आहे. तळाशीं नदीकांठीं उघडे पडलेले खडक सुमारें एकशेंऐंशीं कोटि वर्षांचे आहेत. मध्यें तांबडे, पिवळे, करडे, हिरवट असे थरावर थर रचलेले आहेत. बहुतेक शास्त्रज्ञांच्या मतें नदीनें हें खोदकाम मुख्यतः गेल्या पन्नास-साठ लक्ष वर्षांत केलें. मनुष्यजातीचा सगळा लिखित इतिहास या हिशेबांत एका दिवसासारखाही नाहीं.

आपणां भारतीयांस या ठिकाणीं आणखी एक कौतुकाची गोष्ट आढळते. घळईच्या पोटांत नदीनें व पावसानें कोरलेले मोठमोठे सुळके उभे आहेत. इ. स. १८८२ च्या सुमारास क्लॅरेन्स डटन या भूगर्भशास्त्रज्ञास ते देवळांच्या शिखरांसारखे भासले, आणि त्यानें त्यांपैकीं दोहोंस शिवाचें व विष्णूचें मंदिर अशीं नांवें दिलीं. पुढें नकाशावर ब्रह्मा, राम, कृष्ण, मनु व बुद्ध हींही नांवें आलीं. इतकेंच नव्हे, तर तळच्या अतिप्राचीन खडकांस शास्त्रीय ग्रंथांत विष्णूचेंच नांव मिळालें. हजारों मैल दूरच्या त्या रानांत आपल्या ओळखीचीं हीं नांवें वाचून मनास गंमत वाटल्यावांचून राहत नाहीं.

आतां पाहुण्यांकडे वळूं. पण त्यापूर्वीं यजमान कोण होते, हें सांगितलें पाहिजे. हवासुपाई, हुआलापाई, होपी, नाव्हाहो इत्यादि मूळच्या लोकांचा या घळईशीं फार पुरातन काळापासून संबंध आहे. कित्येक तिच्यांत व तिच्या कांठांवर शेती व शिकार करून राहत असत. इ. स. १८६९ मध्यें जॉन वेस्ली पॉवेल हा एका हाताचा वीर नऊ सोबती व चार नावा घेऊन निघाला आणि नदीच्या मार्गें घळईंतून पार झाला. त्याच्या वृत्तांतामुळें अमेरिकेच्या पूर्वेकडील लोकांचें लक्ष इकडे वेधलें. प्रथम घोड्यांच्या गाड्यांतून हाडें खिळखिळीं करून घेत थोडे हौशी लोक येत. इ. स. १९०१ च्या सप्टेंबरांत विल्यम्स या गांवापासून ६४ मैलांचा लोहमार्ग थेट दक्षिण कड्यापर्यंत येऊन पोंचला, आणि पाहुण्यांचा ओघ खऱ्या अर्थानें सुरू झाला.

इ. स. १९०३ च्या मे महिन्यांत राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट तेथें आले. त्यांनीं जमलेल्या लोकांस सांगितलें कीं, हें स्थळ आहे तसेंच राहूं द्या. काळानें जें घडविलें त्यांत मनुष्य सुधारणा करूं शकत नाहीं, बिघाड मात्र करूं शकतो. कड्याच्या कांठावर हॉटेल न बांधण्याचें रेल्वे कंपनीनें ठरविलें आहे असें ऐकून आपणांस संतोष झाला, असेंही त्यांनीं बोलून दाखविलें. पण गंमत अशी कीं, दोनच वर्षांनीं, इ. स. १९०५ च्या जानेवारींत, एल् टोव्हार हें मोठें हॉटेल उघडलें, आणि तें बरोबर कांठाला लागूनच उभें राहिलें! पाहुण्यास खिडकींतून घळई दिसावी हा मोह कोणास आवरतो? तें हॉटेल आज शंभर वर्षांहून जुनें झालें असून लोक तें प्रेमानें पाहतात. पण संकल्प आणि आचार यांत किती अंतर पडतें, हें त्यावरून कळतें.

मग कांहींच बांधूं दिलें नसतें तर बरें झालें नसतें काय, असें कोणी विचारील. याचेंही उत्तर तेथील इतिहासांत आहे. कड्यावरून नदीपर्यंत उतरणारी ब्राइट एंजल नांवाची एक वाट आहे. ती मुळांत हवासुपाई लोकांची पायवाट. राल्फ कॅमरून नांवाच्या गृहस्थानें ती दुरुस्त केली, आजूबाजूच्या मोक्याच्या जागांवर खाणींचे हक्क सांगितले, आणि खालीं जाणाऱ्या प्रत्येक स्वारामागें एक डॉलर पट्टी घेण्यास प्रारंभ केला. इ. स. १९०८ मध्यें रूझवेल्ट यांनीं घळईस राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केलें, तरी कॅमरून हटेना. शेवटीं इ. स. १९२० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्याच्या विरुद्ध निकाल दिला. तरीही ती वाट उद्यानाच्या ताब्यांत येण्यास इ. स. १९२८ साल उजाडलें. तोंपर्यंत लोकांस पट्टी न देतां खालीं जातां यावें, म्हणून उद्यानाच्या अधिकाऱ्यांनीं इ. स. १९२४-२५ मध्यें कैबाब ही दुसरी वाट कड्यांतून खोदून काढली. तेव्हां हें ध्यानांत ठेवलें पाहिजे कीं, जेथें सार्वजनिक सोय नसते, तेथें खाजगी फायद्याची सोय आपोआप उभी राहते. नुसतें ‘हात लावूं नका’ म्हणून स्थळाचें रक्षण होत नाहीं. योग्य सोय करणें हेंही रक्षणाचेंच एक अंग आहे.

इ. स. १९१६ मध्यें अमेरिकेनें राष्ट्रीय उद्यानांचें खातें स्थापिलें, आणि इ. स. १९१९ च्या २६ फेब्रुवारीस ग्रँड कॅन्यन हें राष्ट्रीय उद्यान झालें. या खात्याच्या कायद्यांत एकाच वाक्यांत दोन आज्ञा आहेत. पहिली अशी कीं, देखावा, वन्य प्राणी व ऐतिहासिक वस्तु यांचें जतन करावें. दुसरी अशी कीं, लोकांस त्यांचा उपभोग घेऊं द्यावा, परंतु पुढच्या पिढ्यांसाठीं तीं अबाधित राहतील अशाच रीतीनें. वाचतांना या दोन आज्ञा सख्ख्या बहिणींसारख्या वाटतात. पाळूं गेल्यास त्या सासूसुनांसारख्या भांडूं लागतात! उद्यान झालें त्या वर्षीं सुमारें ४४ हजार लोक तेथें आले होते. शंभर वर्षांनीं, इ. स. २०१९ मध्यें, तोच आंकडा जवळजवळ साठ लक्षांवर गेला. घळई मात्र तेवढीच राहिली. आणि पाहुण्यांपैकीं दहांतील नऊजण दक्षिण कड्याच्या एका लहानशा भागांतच गर्दी करतात.

या भांडणांत समेट कसा घडवावा, याचा एक सुंदर धडा मेरी कोल्टर या बाईंनीं घालून दिला. त्या काळीं स्त्री-शिल्पज्ञ अगदीं विरळा. इ. स. १९०५ पासून पुढें सुमारें तीस वर्षें त्यांनीं या घळईच्या परिसरांतील अनेक इमारतींची रचना केली. इ. स. १९१४ चें त्यांचें ‘लुकआउट स्टुडिओ’ हें कड्यावरचें लहान घर पाहावें. तेथल्याच ओबडधोबड चुनखडकाचें तें बांधलें असून छपराची कड मुद्दाम वांकडीतिकडी ठेवली आहे. दूरून पाहणाऱ्यास घर कोठें संपतें व कडा कोठें सुरू होतो, हें चटकन ओळखूं येत नाहीं. इ. स. १९२२ मध्यें घळईच्या तळाशीं त्यांनीं ‘फँटम रँच’ ही उतारूंची वस्ती रचली, तीही नदीकांठच्या गोट्यांची. इ. स. १९३२ मध्यें पूर्वेच्या टोंकावर सत्तर फूट उंचीचा मनोरा उभारला. त्याच्या पोटांत पोलादी सांगाडा आहे, पण बाहेरून तो त्या प्रदेशांतील प्राचीन लोकांच्या बुरुजांसारखा दिसतो, आणि आंतील भिंतींवर फ्रेड काबोटी या होपी चित्रकाराचीं चित्रें आहेत. मोठ्यांच्या सभेंत लहानानें जसें नम्रपणें बसावें, तशा या इमारती घळईपुढें बसल्या आहेत. इमारत बांधावी लागलीच तर ती कशी असावी, याचें हें उत्तम उदाहरण आहे.

परंतु इमारत कितीही नम्र असली तरी तिच्यांतील माणसांस तहान लागतेच. दक्षिण कडा हा सुमारें सात हजार फूट उंचीवरचा कोरडा प्रदेश आहे. पडलेलें पाणी चुनखडकांतून झिरपून खूप खालीं झऱ्यांच्या रूपानें बाहेर येतें. नदी डोळ्यांस दिसते, पण ती एक मैल खोल! आरंभीं आगगाडीनें दूरून पाणी आणीत असत. इ. स. १९३२ मध्यें अर्ध्या वाटेवरील एका झऱ्याचें पाणी पंपानें वर चढवूं लागले. पाहुणे वाढले, तेंही पुरेना. मग इ. स. १९६५ ते १९७० या काळांत समोरच्या, म्हणजे उत्तरेकडील, कड्याखालच्या रोअरिंग स्प्रिंग्ज या झऱ्यापासून साडेबारा मैलांचा ॲल्युमिनियमचा नळ घळईच्या आंतून टाकण्यांत आला. पाणी उतारानें खालीं येतें, नदी ओलांडतें, अर्ध्या वाटेवरील उपवनापर्यंत चढतें, आणि तेथून पंपानें दक्षिण कड्यावर ढकललें जातें. युक्ति मोठी खरी. पण दरडी कोसळतात, पूर येतात, धातु झिजतो. इ. स. २०१० नंतर हा नळ पंचाऐंशींहून अधिक वेळां मोठ्या प्रमाणांत फुटला. इ. स. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस तो एकाच वेळीं अनेक ठिकाणीं फुटला, तेव्हां ऐन सुटीच्या दिवसांत दक्षिण कड्यावरील हॉटेलांत रात्रीं राहणें आठवडाभर बंद करावें लागलें. नवा नळ टाकण्याचें काम इ. स. २०२३ मध्यें सुरू झालें. त्याचा खर्च वीस कोटि डॉलरांहून अधिक धरण्यांत आला होता.

हें सविस्तर सांगण्याचें कारण असें कीं, एका सोयीच्या पोटीं दुसरी सोय जन्मास येते. आगगाडी आली म्हणून हॉटेल आलें. हॉटेल आलें म्हणून पाणी आलें. पाणी आलें म्हणून आणखी खोल्या, आणखी नोकर, नोकरांचीं घरें, त्यांच्या मुलांची शाळा, सांडपाण्याचे नळ हें सर्व ओघानें आलें. प्रत्येक पाऊल स्वतंत्रपणें पाहिलें तर वाजवी. पण सर्व पावलें मिळून किती दूर आलों, हें मागें वळून पाहिल्याशिवाय समजत नाहीं. म्हणून शहाणा व्यवस्थापक ‘ही सोय हवी काय’ एवढेंच विचारीत नाहीं. ‘हिच्या मागून काय काय येईल’ हेंही विचारतो.

मोटारींचेंही असेंच झालें. इ. स. १९२६ पर्यंत आगगाडीपेक्षां मोटारीनें येणारांची संख्या अधिक झाली, आणि इ. स. १९६८ मध्यें प्रवाशांची आगगाडी बंदच पडली. मोटारी वाढतां वाढतां कड्यावर शांतपणें उभें राहण्याऐवजीं मोटार उभी करण्यास जागा शोधण्यांत लोकांचा वेळ जाऊं लागला. प्रत्येक मोटारीस जागा द्यावयाची तर झाडें तोडून कांठाचें अंगण करावें लागलें असतें. तें न करतां इ. स. १९७४ मध्यें उद्यानानें दक्षिण कड्यावर फुकट बसगाड्या सुरू केल्या. पश्चिमेकडे जाणारा कांठचा रस्ता मार्चपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत खाजगी मोटारींस बंद असतो. त्या काळांत तेथें बसनें, सायकलीनें अथवा पायीं जावें. इ. स. १९८९ मध्यें विल्यम्सची जुनी आगगाडीही पुन्हां धांवूं लागली. पाहुण्यांची यांत गैरसोय झाली काय? थोडी झाली; पण ज्या गोष्टीसाठीं ते आले, ती त्यांना अधिक चांगली मिळाली.

याहून मोठी युक्ति म्हणजे जागेची वांटणी. सर्व सोयी एका ठिकाणीं एकवटाव्या आणि बाकीचा प्रदेश मोकळा ठेवावा, असें धोरण येथें दिसतें. उद्यानाचा विस्तार सुमारें १,९०० चौरस मैल आहे, पण हॉटेलें, दुकानें व डांबरी रस्ते यांनीं त्याचा अत्यल्प भाग व्यापला आहे. ज्यास वृद्धापकाळामुळें वा पांगळेपणामुळें चालतां येत नाहीं, त्यालाही कड्यावर उभें राहून घळई पाहतां येते. हें योग्यच आहे. पण जसजसें खालीं उतरावें, तसतशी सोय कमी होत जाते. दक्षिण कड्यावरील वस्तीपासून समोरच्या कड्यावरील वस्ती सरळ रेषेंत सुमारें दहा मैल आहे. तेथें मोटारीनें जावयाचें तर दोनशें मैलांहून अधिक वळसा पडतो. मध्यें पूल नाहीं, दोरमार्ग नाहीं. पायीं जाणाऱ्यास वीस मैलांहून अधिक उतरावें व चढावें लागतें. रानांत रात्रीं राहावयाचें तर परवाना घ्यावा लागतो, आणि परवान्यांची संख्या ठरलेली असते. खेचरांवर बसून तळाच्या वस्तीपर्यंत जाण्याची चाल फार जुनी; पण खुरांनीं वाटा झिजतात, म्हणून इ. स. २०११ पासून दिवसास अवघे दहा स्वार खालीं नेण्याची मर्यादा घातली गेली. नदींतून नावांनीं जाणारांचीही संख्या ठरवून दिलेली असते, आणि त्यांनीं आपला सर्व केरकचरा, किंबहुना मलमूत्राचा घन भागही, डब्यांत भरून बाहेर न्यावा लागतो. ऐकून कोणी नाक मुरडील; पण वाळूचे तेच थोडे किनारे पुढच्या पाहुण्याचेही आहेत, हें विसरतां येत नाहीं.

देखावा म्हणजे केवळ डोळ्यांस दिसणारी वस्तु नव्हे, हेंही तेथील लोकांस हळूहळू कळून आलें. पूर्वीं प्रेक्षकांस घेऊन विमानें घळईच्या आंत शिरत. इ. स. १९८६ मध्यें अशीं दोन यानें एकमेकांवर आदळून पंचवीस माणसें मृत्यु पावलीं. दुसऱ्या वर्षीं कायदा झाला. कड्याच्या पातळीखालीं उडण्यास मनाई झाली, आणि घळईची नैसर्गिक शांतता पुन्हां मिळवून देणें हें सरकारचें कर्तव्य ठरलें. शांततेसही संपत्ति मानून तिचें रक्षण करणें, ही कल्पना किती नवी आणि किती योग्य! तसेंच काळोखाचें. कड्यावरील दिवे बदलून त्यांचा उजेड जमिनीकडेच पडेल असें करण्यांत आलें, आणि इ. स. २०१९ मध्यें या उद्यानास आंतरराष्ट्रीय अंधार-आकाश उद्यान म्हणून पूर्ण मान्यता मिळाली. रात्रीं तेथें आकाशगंगा स्पष्ट दिसते. दिवा लावणें ही सोय खरी. पण तो कोठें लावूं नये हें समजणें, ही त्याहून मोठी सोय होय.

कांहीं वेळां मात्र समेट शक्यच नसतो. स्पष्ट नकार द्यावा लागतो. इ. स. १९६० नंतरच्या दशकांत या घळईच्या प्रदेशांत कोलोरॅडो नदीवर दोन मोठीं धरणें बांधण्याची योजना पुढें आली. तिच्या बाजूनें एक युक्तिवाद असा होता कीं, पाणी तुंबून तलाव झाल्यास लोकांस नावेंत बसून कड्यांजवळ सुखानें जातां येईल! यावर निसर्गरक्षकांच्या एका संस्थेनें वृत्तपत्रांत जाहिरात देऊन विचारलें कीं, छतावरचीं चित्रें जवळून दिसावीं म्हणून रोमचें सिस्टाइन प्रार्थनामंदिर पाण्यानें भरावें काय? लोकमत खवळलें, आणि इ. स. १९६८ च्या कायद्यांतून तीं दोन्ही धरणें वगळलीं गेलीं. वरच्या अंगास ग्लेन कॅन्यनचें धरण मात्र आधींच झालें होतें, इ. स. १९६३ पासून तें नदीचा गाळ अडवीत आलें असून त्यामुळें घळईंतील वाळूचे किनारे झिजत आहेत. इ. स. १९९६ पासून अधूनमधून मुद्दाम पाण्याचे लोंढे सोडून ते किनारे पुन्हां भरून काढण्याचे प्रयोग करावे लागले. अगदीं अलीकडे घळईच्या पूर्व अंगास, दोन नद्यांच्या संगमाजवळ, नाव्हाहो लोकांच्या भूमीवरून तळापर्यंत लोंबत्या पाळण्यांचा दोरमार्ग करण्याची योजना निघाली. पैसा व रोजगार यांचें आमिष मोठें होतें. परंतु तो संगम पवित्र मानणाऱ्या लोकांनीं विरोध केला, आणि इ. स. २०१७ मध्यें नाव्हाहो लोकांच्या प्रतिनिधिमंडळानेंच ती योजना मोठ्या बहुमतानें फेटाळली.

येथें एक कटु सत्यही सांगितलें पाहिजे. सृष्टीचें रक्षण करतांना माणसांवर अन्याय झाला. हवासुपाई लोकांस घळईच्या एका फांट्यांतील अवघ्या ५१८ एकर जमिनींत कोंडण्यांत आलें होतें; ज्या कड्यांवर ते हिंवाळ्यांत शिकारीस व कंदमुळांस जात, तेथें ते परके ठरले, आणि दूरदेशचे प्रवासी मात्र पाहुणे ठरले. इ. स. १९७५ च्या कायद्यानें त्यांना सुमारें १,८५,००० एकर भूमि परत मिळाली. ब्राइट एंजल वाटेवरील ज्या उपवनांतून त्यांना घालविलें होतें, त्यास इ. स. २०२२ मध्यें ‘हवासुपाई गार्डन्स’ असें त्यांचें नांव देण्यांत आलें. नांव दिल्यानें गेलेलीं वर्षें परत येत नाहींत. पण चूक कबूल करणें ही सुधारणेची पहिली पायरी आहे. ज्या रक्षणांत मूळच्या रहिवाशांस जागा नाहीं, तें रक्षण अपुरें समजावें.

या सर्व हकीकतींतून जें तात्पर्य निघतें, तें थोडक्यांत असें. सोय आणि रक्षण हीं तागडीच्या दोन पारड्यांप्रमाणें समसमान तोलावयाचीं नसतात; कारण सोयीचें पारडें रिकामें झालें तर तें पुन्हां भरतां येतें, रक्षणाचें पारडें एकदां सांडलें कीं भरतां येत नाहीं. बंद पडलेली आगगाडी एकवीस वर्षांनीं पुन्हां चालूं झाली; मोटारींचा रस्ता वर्षांतील नऊ महिने बंद करतां आला; दिवे बदलतां आले. पण पाण्यानें बुडालेली घळई कोण वर काढणार? म्हणून कोणतीही नवी सोय करण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. ही सोय येथेंच हवी, कीं थोड्या दूर चालेल? ती उद्यां काढून टाकावीशी वाटली तर काढतां येईल काय? आणि तिचा भार कोणावर पडेल?

हे प्रश्न केवळ पुस्तकी नाहींत. इ. स. २०२५ च्या ४ जुलैस उत्तर कड्यावरील रानांत वीज पडून वणवा लागला. आठवड्याभरानें वाऱ्यानें उचल खाल्ली, आणि कड्याच्या टोंकावर उभें असलेलें ‘ग्रँड कॅन्यन लॉज’ हें प्रसिद्ध विश्रामगृह व त्याच्या आसपासच्या अनेक इमारती जळून गेल्या. तें विश्रामगृह मुळांत इ. स. १९२८ चें, इ. स. १९३२ मध्यें एकदां जळालें होतें, आणि जुन्याच दगडी पायावर इ. स. १९३७ पर्यंत पुन्हां उभें राहिलें होतें. त्याच्या मोठ्या खिडक्यांपुढें बसून पिढ्यान् पिढ्या लोकांनीं घळईवरचा सूर्यास्त पाहिला. त्यांना तें घरच जळाल्यासारखें वाटलें. आतां तेथें पुन्हां बांधावयाचें तर किती, कसें आणि कड्यापासून किती अंतरावर, हा प्रश्न पुढच्या लोकांपुढें येऊन उभा राहिला. रूझवेल्टच्या काळचाच हा प्रश्न. फक्त या वेळीं शंभर वर्षांचा अनुभव हाताशीं आहे.

विद्यार्थिमित्रहो, आपणांपैकीं फार थोडे ती घळई प्रत्यक्ष पाहतील. पण पाहुणा होण्याची पाळी प्रत्येकावर येते. डोंगरावर, किल्ल्यावर, धबधब्यापाशीं आपण सहलीस जातों, तेव्हां आपण कोणाच्या तरी घरीं गेलेलों असतों. ग्रँड कॅन्यनमध्यें इ. स. २०१२ पासून पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्यांची विक्री बंद करण्यांत आली, आणि जागोजागीं झऱ्याच्या पाण्याचे नळ बसविण्यांत आले. ज्यानें त्यानें आपलें भांडें आणावें व भरून घ्यावें. केवढी साधी गोष्ट! अधिकाऱ्यांनीं नळ बसविला, ही त्यांची सोय. पाहुण्यानें भांडें बरोबर आणलें, ही त्याची राखण. दोघांनीं आपापलें अर्धें काम केलें म्हणजे घळईच्या वांट्यास कांहीं सोसणें उरत नाहीं.